उचल्या, गंठीचोर आणि भामटा

(सावरगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला दोनदा विचारलं, "चोरांवर? स्मृतिव्याख्यान?" त्यांची काळजी रास्त होती. आपल्याकडे स्मृतिव्याख्यान म्हटलं की संत, समाजसुधारक, फार तर संत्र्याचा मृगबहार. पण ज्या गुरुजींच्या नावानं आपण जमलो आहोत ते भाषेचे मास्तर होते, आणि भाषेच्या मास्तरला शब्द सोवळ्यातला की ओवळ्यातला हे बघून चालत नाही. शिवाय चोर हा विषय या गावाला परका नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं जी गोटमार होते तिची दंतकथा काय आहे? पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली. दोन गावं इतकी वर्षं एकमेकांना दगड मारतात ती एका पळवापळवीवरून. तेव्हा मी फार दूर चाललो आहे असं समजू नका.

सुरुवात मात्र दूरवर करतो, लंडनमध्ये.

इंग्रजीत खिसेकापूसाठी जुने शब्द इतके आहेत की त्यांचे कोश झाले. रॉबर्ट ग्रीन नावाच्या लेखकानं 1591 आणि 1592 मध्ये लंडनच्या ठकांवर पुस्तिका लिहिल्या. त्यात तो दोन कारागिरांमधला फरक मोठ्या बारकाईनं सांगतो. एक 'निप'. हा सुरीनं पैशाची थैली कापतो. दुसरा 'फॉइस्ट'. हा नुसत्या बोटांनी काम करतो आणि सुरी बाळगणाऱ्याला कमी लेखतो. चोरांतसुद्धा सोवळं-ओवळं असतंच. दुकानातला माल उचलणारा तो 'लिफ्ट'. हा शब्द लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे. पुढे 1785 मध्ये फ्रान्सिस ग्रोस या गृहस्थानं रस्त्यावरच्या भाषेचा आख्खा कोश छापला. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधली फॅगिनची पोरं रुमाल उडवण्याचा सराव करतात, ती याच परंपरेतली.

यातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द 'कटपर्स'. थैली-काप्या. त्या काळी कपड्यांना आजच्यासारखे खिसे नव्हते. पैशाची थैली कमरपट्ट्याला दोरीनं लोंबत असे, ती दोरी कापली की काम झालं. पुढे थैली कपड्याच्या आत शिवली गेली. इंग्रजीतला 'पॉकेट' म्हणजे मुळात लहान थैलीच. मग कापणारा मागे पडला आणि खिशात बोटं घालणारा पुढे आला. चोराची भाषा शिंप्याच्या मागून चालते, हा या सगळ्या कोशांचा सारांश म्हणा हवं तर. थैली गेली तसा 'कटपर्स' गेला. आज तो शब्द नाटकात आणि मुलांच्या गोष्टींत उरला आहे. कुणाला बोचत नाही. इंग्रज माणूस तो ऐकून हसतो.

हसण्यासारखं तेव्हा मात्र काही नव्हतं. 1565 च्या कायद्यानं खिसा मारण्याला इंग्लंडात फाशी होती, आणि ती तरतूद सॅम्युअल रोमिलीच्या खटपटीनं रद्द झाली 1808 साली. म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं. खिसेकापूची फाशी बघायला जी गर्दी जमे त्या गर्दीतच इतर खिसेकापू हात मारून घेत, असं त्या काळाबद्दल नेहमी सांगतात. लोक माना वर करून फासाकडे बघत असताना खिशाकडे कोण बघणार? गोटमारीत आपल्या जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्याकडे सगळे टक लावून बघतात तेव्हा काय होतं, हे पोलीसदादांनी सांगावं.

आता घरी येऊ. आपल्याकडे कमरपट्टा आणि थैली होतीच, पण साध्या माणसाची तिजोरी म्हणजे गाठ. धोतराच्या कनवटीला, उपरण्याच्या टोकाला, लुगड्याच्या पदराला. आजही बाजारात एखादी आजी पदराची गाठ सोडून नोट काढते तेव्हा ती नोट चार घड्यांची असते. म्हणून आपला खिसेकापू हा गाठ सोडणारा. संस्कृतात त्याचं नाव 'ग्रंथिभेद'. हिंदीत, जी इथं प्रत्येकाच्या तोंडात अर्धी आहेच, 'गिरहकट'. गिरह म्हणजे फारसीत गाठ. मराठीत 'गंठीचोर'. तीन भाषा, एकच गाठ. आणि 'खिसा' आला तोही फारसीतूनच. तिथं 'कीसा' म्हणजे थैली. इंग्रजांची थैली जशी कपड्यात शिरून पॉकेट झाली तशी आपली थैली कपड्यात शिरून खिसा झाली. मग खिसेकापू, मग पाकीट आल्यावर पाकीटमार. इथवर दोन्ही भाषांची वाट एकच आहे.

शास्त्रकारांनी या कलाकाराची चांगली दखल घेतली आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ग्रंथिभेदाला पहिल्या वेळी बोटं, दुसऱ्या वेळी हात-पाय आणि तिसऱ्या वेळी जीव, असा चढता दर आहे. कौटिल्य जास्त व्यवहारी. तो म्हणतो बोटं तोडा, नाहीतर 54 पण दंड घ्या. राजाच्या खजिन्याला तुटलेल्या बोटांचा काय उपयोग? या कलमात कौटिल्यानं ग्रंथिभेदाच्या शेजारी आणखी एकाला बसवलं आहे, 'तीर्थघात'. यात्रेकरूंना लुबाडणारा. जामसावळीच्या हनुमानाला शनिवारी जाणाऱ्यांनी हे नाव पाठ करायला हरकत नाही.

पण मला आज ज्याच्यासाठी इथवर यायचं होतं तो श्लोक याज्ञवल्क्याचा आहे. त्यात दोन चोर जोडीनं येतात, 'उत्क्षेपक' आणि 'ग्रंथिभेद'. उत्क्षेपक म्हणजे उचलणारा, कुणाचं वस्त्र-बिस्त्र उचलून चालता होणारा. ग्रीनच्या लंडनमधला 'लिफ्ट' हाच. ग्रंथिभेद म्हणजे गाठ सोडणारा. आता ही जोडी मराठीत म्हणा. उचल्या आणि गंठीचोर. याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरानं लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. लातूर-बिदरच्या टापूत. हेही लक्षात ठेवा, कारण या कथेचा दुसरा महत्त्वाचा माणूस लातूरकडचाच आहे.

स्मृतिकार कसेही असोत, त्यांनी बोटं तोडायला सांगितली ती ज्यानं गाठ सोडली त्याची. उत्क्षेपकाच्या नातवाला त्यांनी उत्क्षेपक म्हटलं नाही. संस्कृत साहित्यातला सगळ्यांत लाडका चोर, 'मृच्छकटिका'तला शर्विलक, हा तर ब्राह्मण आहे. चारुदत्ताच्या भिंतीला भोक कोणत्या आकाराचं पाडावं यावर तो भिंतीपुढे उभा राहून विचार करतो, आणि मोजायला दोरी नाही म्हणून जानवं वापरतो. चोरी हे त्याचं काम आहे, कूळ वेगळं. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकांना शर्विलक आवडला तो याच ऐटीमुळे.

मग आपल्या भाषेत हे कधी बदललं?

1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड निघाले. आपला छिंदवाडा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच. हिरालाल हे याच प्रांतातले मोठे विद्वान, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्या ग्रंथात 'भामटा' ही नोंद आहे. वर्धा, नागपूर, चांदा या जिल्ह्यांत ही जात राहते असं सांगून तिची दुसरी नावं दिली आहेत. मुंबई इलाख्यात यांना म्हणतात उचला, आणि म्हणतात गंठाचोर.

याज्ञवल्क्याची जोडी जशीच्या तशी. फरक इतकाच की तिथं ती दोन कृत्यं होती आणि इथं ती एका समाजाची दोन नावं झाली आहेत.

त्या नोंदीत एक किस्सा आहे. पूर्वी म्हणे वर्ध्याकडे भामट्याची मुलगी किमान 14 वेळा पकडल्या न गेलेल्या नवऱ्या मुलाला पसंत करत नसे. मला हा किस्सा एखाद्या फौजदारानं चहाच्या वेळी रंगवून सांगितलेला वाटतो. 14 वेळा पकडला गेलेला चोर हा वाईट चोर, एवढं त्या मुलीला कळत नसेल? पण गंमत म्हणजे त्याच नोंदीत हेही लिहिलं आहे की यातले बरेच लोक तागाची शेती करतात, दोर वळतात, गोणपाट विणतात. किस्सा लोकांच्या लक्षात राहिला, गोणपाट राहिलं नाही.

या समाजाची इतर नावं बघा. टकारी म्हणजे जात्याला टाकी लावणारा. गिरणी वडार म्हणजे जात्याचे दगड घडवणारा. पाथरूट म्हणजे दगडाचं काम करणारा. आणि उचले. सरकारी यादीत एकाच अनुक्रमांकाखाली कष्टाची तीन नावं आणि चोरीचं एक. ज्या गावात पिठाची गिरणी आली तिथं टाकी लावणाऱ्याला दारात कोण बोलावणार? त्याचं काम गेलं. नावांपैकी कोणतं उरणार हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नव्हता.

तो कुणाकडे होता, हे सांगायला मला सातपुडा चढून पलीकडे जावं लागेल. छिंदवाड्याच्या उत्तरेला नरसिंहपूर. 1820 च्या दशकात तिथं विल्यम स्लीमन नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं नंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे की आपण तिथं न्यायदान करत होतो तेव्हा आपल्या कचेरीपासून काहीशे पावलांवरच्या गावात ठगांची टोळी नांदत होती, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. पुढे जबलपूरला बसून त्यानं ठगांचा बंदोबस्त केला आणि 1836 मध्ये त्यांच्या गुप्त भाषेचा कोश छापला. चोरांचा शब्दकोश करण्याची इंग्रजी हौस अशी आपल्या शेजारी येऊन पोचली. पण ग्रोसचा कोश करमणुकीसाठी होता, स्लीमनचा पकडण्यासाठी. गंमत अशी की 'ठग' शब्द इंग्रजीत गेला आणि त्याचा अर्थ झाला दांडगट, गुंड. आपल्याकडे ठग तो गोड बोलून फसवणारा. मारामारी करणाऱ्याला आपण ठग म्हणत नाही.

स्लीमनच्या कामाबद्दल इतिहासकारांत बरंच भांडण आहे, त्यात मी आज पडत नाही. त्यातून सरकारी डोक्यात एक कल्पना पक्की बसली एवढंच सांगतो. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर. तर मग चोराचा मुलगा चोर असणारच. ही कल्पना 1871 मध्ये कायदा झाली. गुन्हेगार जमातींचा कायदा. आधी उत्तरेत, मग 1911 च्या दुरुस्तीनं देशभर, 1924 मध्ये पुन्हा नवा करून. एखादी जमात सरकारनं गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्या लोकांची नोंदवही, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडताना परवाना. काहींना वसाहतीत ठेवलं. सोलापूरची ती वसाहत, तारेच्या कुंपणाची, महाराष्ट्रात अजून लोकांच्या आठवणीत आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी ही आपल्याकडे म्हण होती, इथं संन्याशाच्या न जन्मलेल्या मुलाचीही सोय करून ठेवली होती.

आणि ज्या इंग्लंडनं हे केलं तिथं या काळात काय चाललं होतं? खिसेकापूची फाशी केव्हाच गेली होती, आणि फॅगिनची पोरं घराघरांत गोष्ट म्हणून वाचली जात होती. लंडनमध्ये 'कटपर्स' हा जुना झाल्यामुळे गोड वाटू लागलेला शब्द. आपला गंठीचोर मात्र जुना व्हायला तयार नाही, कारण तो सरकारी वहीत लिहिला गेला. कपडे बदलले की चोराचे शब्द मरतात. दप्तरात चढलेला शब्द मात्र मरत नाही.

आता लातूरकडचा माणूस. लक्ष्मण गायकवाड. त्यांचं आत्मकथन 1987 मध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नाव 'उचल्या'. मराठी पुस्तकांच्या नावांत इतकं धाडसी नाव क्वचित असेल. ज्यानं लहानपणापासून ते नाव शिवी म्हणून ऐकलं, पोलीस चौकीत ऐकलं, त्यानं ते मुखपृष्ठावर छापलं. त्या पुस्तकात चोरीचं शिक्षण आहे, मार सहन करण्याचंही शिक्षण आहे, पारधी-उचल्यांच्या घरांवर रात्री पडणारी धाड आहे. भूक तर पानोपानी आहे. कुठंही शर्विलकाची ऐट नाही. ज्यांना चोरांच्या कलेबद्दल कुतूहल आहे, माझ्यासारख्यांना, त्यांनी ग्रीन आणि ग्रोस वाचून झाल्यावर हे पुस्तक वाचावं. मग ग्रीनमधली मजा थोडी कमी होते, हे सांगून ठेवतो.

माझ्या वाचनात या पुस्तकानं एक गोष्ट केली. तोवर मी उचल्या, भामटा, पेंढारी हे शब्द वर्गात वाक्प्रचार शिकवताना फळ्यावर सरळ लिहीत असे. मुलंही वाक्यात उपयोग करून आणत. ते या पुस्तकानंतर थांबलं.

गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. म्हणून तो दिवस 'विमुक्त दिन'. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, त्यानं पोलिसांच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत. 1998 मध्ये बंगालमध्ये बुधन शबर हा तरुण कोठडीत मेला. त्या प्रकरणात महाश्वेतादेवींबरोबर लढणारे गणेश देवी हे मराठी माणूस, आणि अहमदाबादच्या छारानगरातल्या पोरांनी त्या मृत्यूवर नाटक केलं तेच पुढे 'बुधन थिएटर' झालं. छारांनाही सरकारनं गुन्हेगार जमात ठरवलं होतं. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर 2024 मध्ये, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगांच्या नियमावलीत विमुक्त जमातींना जन्मानंच सराईत गुन्हेगार धरू नका. 1952 ते 2024. हिशोब तुम्हीच करा.

आता एक तिढा सांगतो, जो तुम्हा सीमेवरच्या लोकांना नागपूरकरांपेक्षा लवकर कळेल. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 नावं आहेत. त्यात भामटा आहे, राजपूत भामटा आहे, रामोशी, बेरड, कैकाडी, छप्परबंद आहेत. कर्नाटकच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'गंटीचोर' हे नाव आजही आहे. मुलाला शिष्यवृत्ती हवी, वसतिगृहात जागा हवी, तर दाखल्यावर तेच नाव पाहिजे. आजोबाला ज्या शब्दासाठी चौकीत हजेरी लावावी लागली, त्याच शब्दाचा कागद मिळवण्यासाठी नातू तहसीलच्या रांगेत उभा राहतो. तो शब्द पुसा म्हणावं तर सवलत जाते, ठेवा म्हणावं तर वर्गातली पोरं हसतात. नाव बदला, हक्क ठेवा, असं म्हणणं व्यासपीठावरून सोपं आहे. प्रत्यक्षात नव्वद वर्षांपूर्वीच्या दाखलखारीजवरचा शब्द आणि आजचा शब्द जुळला नाही की पडताळणी समिती अर्ज परत पाठवते. आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आपला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला, विदर्भ तिकडे गेला. वरूड किंवा नरखेडचा एखादा भामटा समाजाचा मुलगा सौंसरला मामाकडे शिकायला राहिला, तर तिकडची यादी इकडे चालत नाही. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, कचेरी जवळ आली, पण यादी राज्याचीच. मला यातून वाट सापडलेली नाही. विमुक्तांच्या प्रश्नावर रेणके आयोगानं 2008 मध्ये अहवाल दिला, त्यानंतर इदाते आयोगानंही दिला. त्यांनाही ती सहज सापडली असं दिसत नाही.

भाषेच्या मास्तरच्या हातात मात्र एक गोष्ट आहे.

परवाचं मराठी वर्तमानपत्र उघडा. आता खिशात पैसेच नाहीत, पैसे मोबाइलमध्ये आहेत. म्हणून चोर पुन्हा शिंप्याच्या मागे, म्हणजे यंत्राच्या मागे गेला. फोन करतो, ओटीपी मागतो, निवृत्त माणसाची पुंजी साफ करतो. भारतीय न्याय संहितेनं 2024 पासून छोट्या संघटित गुन्ह्यांचं एक कलम केलं, त्यात खिसेकापू आणि कार्डवरून पैसे उडवणारा एकाच ओळीत बसवले आहेत. कायद्यानं दोघांनाही कृत्यावरून ओळखलं. आणि आपले बातमीदार त्याला काय म्हणतात? 'सायबर भामटा'. 'भामट्यानं घातला पावणेदोन लाखांचा गंडा.' हा भामटा कुठंतरी वातानुकूलित खोलीत बसलेला पदवीधर असू शकतो, त्यानं तागाचा दोर कधी बघितलेलासुद्धा नसतो. ज्या समाजाचं नाव त्याला लावलं त्या समाजातली एखादी मुलगी, आपलं आडनाव-जात लिहिलेला दाखला घेऊन, तोच पेपर सकाळी वाचते.

आणि शब्दांची आपल्याला टंचाई आहे का? मराठीत चोरट्या, भुरट्या, ठक, ठकसेन, लबाड, तोतया, लुच्चा, लफंगा. क्रियापदं म्हणाल तर लांबवणे, लंपास करणे, ढापणे, डल्ला मारणे, हात मारणे, गंडवणे, टोपी घालणे. ग्रोसनं हेवा करावा असा साठा आहे. त्यातला एकही कुणाच्या दाखल्यावर नाही. पांढुर्ण्या-सौंसरहून बातम्या पाठवणारे दोन-तीन वार्ताहर मला समोर बसलेले दिसतात. या व्याख्यानाची बातमी ते देतीलच, त्यात माझं नाव चुकलं तरी चालेल. पण खाली पान भरायला ओटीपीची एखादी बातमी असेल, तर तिच्या मथळ्यात 'ठक' लिहा. अक्षरंही कमी लागतात.